लागोपाठ दोन क्रूझ घेतल्या तर मधल्या दिवशी जहाजावर काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं नाशिकरोडचे, वय ६६ आणि ६१. लेकीने सिंगापूरहून एकाच जहाजाच्या लागोपाठ दोन सफरी काढून दिल्या आहेत. पहिली ज्या सकाळी संपते त्याच संध्याकाळी दुसरी सुटते. मग मधल्या दिवशी सगळं सामान घेऊन उतरायचं का, बसायचं कुठे, जेवायचं कुठे?

काका, मी सिडकोतला. नऊ वर्षं क्रूझ जहाजांवर हाउसकीपिंगला होतो, केबिन स्टुअर्ड म्हणून. आता कायमचा घरी परतलोय. या दिवसाला आम्ही ‘टर्नअराउंड’ म्हणायचो आणि असे किती दिवस काढले त्याची मोजदाद नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी चिंता मिटवतो. दोन्ही सफरींना केबिन तीच असेल तर सामानाला हातही लावायचा नाही. तुम्हाला स्वतःला बहुधा तास-दीड तास खाली उतरून, पासपोर्ट दाखवून परत चढावं लागेल. दुपारचं जेवण जहाजावरच मिळतं.

आपल्याकडे मंगल कार्यालयात सकाळच्या मुहूर्ताचं वऱ्हाड निघतं आणि संध्याकाळचं यायचं असतं, तेव्हा मधल्या वेळात काय धावपळ चालते ते तुम्ही पाहिलंच असेल. इकडे मांडव उतरतोय, तिकडे पुढच्यांची भाजी येतेय. जहाजावर हेच चालतं, फक्त माणसं हजारोंनी असतात. दोन्ही लग्नांचं आमंत्रण असलेले पाहुणे म्हणजे तुम्ही. अशांना ‘इन ट्रान्झिट’ प्रवासी म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, त्या दिवशी कोणीही अडवलं तर तोच सांगायचा.

खरी गडबड आदल्या रात्री होते. उतरणाऱ्यांना सामानाचे रंगीत टॅग मिळतात आणि बॅगा रात्री केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्या बॅगा रात्रीतून खाली जातात आणि सकाळी थेट टर्मिनलवर उतरतात. शेजाऱ्यांनी ठेवल्या म्हणून तुम्ही ठेवू नका. माझ्या पट्ट्यात एका वयस्कर जोडप्याने असंच केलं होतं. त्यांची बीपीची औषधं त्याच बॅगेत होती. टर्मिनलवरच्या शेकडो बॅगांमधून ती शोधून परत आणेपर्यंत दुपार झाली आणि काकू बिचाऱ्या घाबरून रडकुंडीला आल्या होत्या. केबिन बदलणार असेल तरीसुद्धा बॅग बाहेर ठेवायची नाही. बॅग भरून आतच ठेवा, हँगरवरचे कपडे हँगरवरच राहू द्या. स्टुअर्डला आदल्या दिवशी नव्या केबिनचा नंबर सांगितलात की तो सगळं हलवतो. औषधं, पासपोर्ट, चष्मा आणि फोनचा चार्जर मात्र खांद्याच्या पिशवीत घ्या, कारण जुनी केबिन सकाळी लवकर सोडावी लागते आणि नवी दुपारी ताब्यात मिळते.

शेवटच्या एक-दोन दिवसांत केबिनमध्ये एक पत्र येईल. त्यात इन ट्रान्झिट लोकांनी किती वाजता, कुठल्या लाउंजमध्ये जमायचं ते असतं. हे पत्र नीट वाचा. आलं नाही तर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन विचारा, लाजू नका. साधारणपणे उतरणारे बहुतेक लोक गेले की मग तुमच्या गटाला एकत्र खाली नेतात, इमिग्रेशन होतं आणि रांगेत न थांबवता परत वर आणतात. शहरात फिरायचं असेल तर स्वतंत्र उतरून दुपारी परत येता येतं. तुमच्या वयात आणि सिंगापूरच्या दमट उन्हात मी तो खटाटोप करणार नाही. सिंगापूर बघायला सफरीच्या आधी किंवा नंतर दोन दिवस ठेवा.

कधीकधी जहाजाच्या दाराशी खोळंबा होतो. अमेरिकेतल्या बंदरांत तर नवे प्रवासी चढण्याआधी जुना प्रत्येक माणूस उतरल्याची नोंद पूर्ण व्हावी लागते. त्याला ‘झिरो काउंट’ म्हणतात. एखादा प्रवासी केबिनमध्ये झोपून राहिला की त्याच्या नावाचा पुकारा होत राहतो आणि खाली उतरलेले सगळे टर्मिनलच्या खुर्च्यांवर ताटकळतात. म्हणून सकाळी पोटभर नाश्ता करा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा.

सिंगापूरपुरतं आणखी दोन गोष्टी. तिथे प्रत्येक वेळी आत येताना ‘एसजी अरायव्हल कार्ड’ ऑनलाइन भरावं लागतं, आणि ते पोहोचण्याच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आतच भरता येतं. म्हणजे मधल्या दिवसासाठीचं कार्ड नाशिकमध्ये बसून भरता येणार नाही. आधीच्या बंदरात फोनला नेटवर्क मिळालं की तिथेच भरून टाका. ते फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती बंद करा. दुसरं, टर्मिनलवर तुम्ही कस्टममधूनही जाता. खाण्याची तंबाखू, गुटखा सिंगापुरात न्यायला बंदी आहे आणि सिगारेटला करमाफी नाही. चिवडा आणि मनुके खुशाल न्या, पण ती पुडी कोणाच्या सांगण्यावरूनही बॅगेत ठेवू नका.

हिशेबाचं काकूंना सांगून ठेवा, त्या लक्ष ठेवतील. जहाजाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या सफरी आहेत. पहिलीचं बिल त्या सकाळी बंद होतं, दुसरीचं नव्याने सुरू होतं. चुकीची रक्कम दिसली तर आदल्या रात्रीच काउंटरवर जा, सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. वायफाय किंवा पेयांचं पॅकेज पहिल्या सफरीपुरतंच असतं. खर्चायला मिळालेली जमा रक्कम उरली असेल तर ती बहुधा पुढे जात नाही. केबिन तीच असली तरी कार्ड नवं मिळतं. जुनं कार्ड लगेच वेगळं ठेवा, नाहीतर दाराला तेच लावत बसाल. मागे असे फोन मला दर टर्नअराउंडला यायचे.

सुरक्षा कवायत तुम्हाला दुसऱ्यांदा करावी लागेल. चार दिवसांपूर्वीच केली म्हणून चुकवू नका. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडालं, तेव्हा आदल्या बंदरात चढलेल्या काही प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हाचा नियम २४ तासांची मुभा द्यायचा. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच कवायत व्हावीच लागते. केबिन बदलली तर तुमचं जमायचं ठिकाणही बदलू शकतं, तेव्हा हे गांभीर्याने घ्या.

आता आमच्या बाजूचं थोडं सांगतो, कारण ते प्रवाशांना दिसत नाही. त्या दिवशी माझ्याकडे अठरा केबिन असायच्या. सकाळी सात-आठपासून माणसं निघायला लागली की चादरी, टॉवेल, अभ्रे काढून ढीग करायचा, बाथरूम घासायचं, गाद्या उलगडायच्या, आणि दुपारी एकच्या आसपास सगळ्या खोल्या नव्या माणसांसाठी तयार. खालच्या मजल्यावर जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा लांब बोळ असतो, त्याला आम्ही ‘आय-नाइंटीफाइव्ह’ म्हणायचो. तिथे त्या दिवशी भाजीचे, पिठाचे, दुधाचे पॅलेट आत येत असतात, कचरा बाहेर जात असतो, घरी निघालेली पोरं बॅगा घेऊन उभी असतात आणि नवी पोरं रस्ता विचारत असतात. जेवण उभ्याउभ्या. संध्याकाळी त्याच खोल्यांचं रात्रीचं काम पुन्हा असतंच.

म्हणून एक विनंती आहे. तुमची केबिन तीच असेल तर आदल्या रात्री स्टुअर्डला सांगा की आमची खोली सगळ्यात शेवटी केलीस तरी चालेल, चादर उद्या बदल. त्याचा त्या दिवशीचा अर्धा तास वाचतो. मला असं सांगणारे जे थोडे प्रवासी भेटले, त्यांचे चेहरे अजून आठवतात.

परत वर आल्यावर तास-दोन तास जहाज जवळजवळ रिकामं असतं. दुकानं बंद, पण पोहण्याच्या तलावाशी कोणी नाही, बुफेत रांग नाही, लिफ्ट लगेच मिळते. वरच्या डेकवर कठड्याशी खुर्ची घेऊन दोघं बसा आणि खाली सामान चढताना बघा. काकूंचे गुडघे दुखत असतील तर तलावात उतरायला तेव्हासारखी निवांत वेळ पुन्हा मिळणार नाही.

आणि व्हिसा आजच काढून बघा. विमानाने एकदा, पहिली सफर संपल्यावर एकदा, दुसरी संपल्यावर एकदा, असा सिंगापूरमध्ये तीनदा प्रवेश धरून चाला. दोघांच्याही व्हिसावर ‘मल्टिपल’ लिहिलेलं हवं. नसेल तर एजंटला उद्याच फोन करा.