नाव कुणाच्या नावावर?

हाय गं,

तुझा मेसेज दोनदा वाचला. नोकरी सोडून व्हीगन, म्हणजे दूध-तूपसुद्धा नसलेल्या, पदार्थांचा ब्रँड काढायचाय आणि वर त्याचा कुकरी शोही स्वतःच प्रोड्यूस करायचाय. कर की, मी कोण अडवणारी, मी तर चाळिशीत हाच उद्योग केलाय.

पण चव, पॅकिंग, रील्स हे सगळं नंतर. आधी सांग, नाव कुणाच्या नावावर असणारे?

मी शो करायचे तेव्हा आम्ही दिवसाला चार एपिसोड उरकायचो, एकेका पदार्थाची तीन भांडी, एक कच्चं, एक अर्धवट शिजलेलं, एक कॅमेऱ्यासाठी नटवलेलं, आणि मी मागच्या किचनमध्ये कानावर पेन खोचून कांदा किती मिनिटं परतायचा त्याचाही हिशोब ठेवायचे. कन्सेप्ट माझा, नाव मी सुचवलेलं, पहिलं स्क्रिप्ट लोकलमध्ये बसून लिहिलेलं. शो बंद झाला आणि दोन वर्षांनी त्याच नावाने दुसऱ्याच टीमकडून परत आला, मला साधा फोन नाही. तणतणत ॲग्रीमेंट काढलं तर सगळे हक्क चॅनलचे आणि खाली सही माझीच. आता कुणाला शिव्या घालणार!

मियोको शिनरचं तर तुला माहितीच असेल. जन्म जपानचा, धंदा कॅलिफोर्नियात, तिकडच्या पब्लिक टेलिव्हिजनवर व्हीगन कुकरी शो केला आणि 2014 मध्ये काजूच्या चीज-बटरची कंपनी काढली, तीही स्वतःच्या नावाने. 2019 च्या शेवटी तिथल्या कृषी खात्याचं पत्र आलं की बटर हा शब्द काढा, वेबसाइटवरचा गाईला मिठी मारलेला फोटोसुद्धा काढा. बाई कोर्टात गेली आणि 2021 मध्ये बटर शब्द राखला (हार्मोन-फ्री हा दावा मात्र कोर्टाने करू दिला नाही). एवढं सगळं जिंकून 2022 मध्ये तिचं स्वतःचंच सीईओपद गेलं. मग कंपनीने तिच्यावर केस, तिने कंपनीवर केस, 2023 मध्ये तडजोड. पाकिटावर मियोको आणि आत मियोको नाही. मला ते वाचून आपलाच शो आठवला.

म्हणून तुझ्या काकांचे ते मित्र पैसे घालताना कंपनीत 51 टक्के हिस्सा मागतायत ना, तिथे घाई करू नको. थोडे कमी पैसे घे, एक मिक्सर कमी घे, चालेल. ट्रेडमार्क तुझ्या नावाने टाक, क्लास 29 आणि 30 या खाण्याच्या पदार्थांच्या दोन्ही वर्गांत, आणि कंपनीला वापरायला दे. शोचे हक्क वेगळ्या कागदावर.

आणि हो, पाकिटावर "शेंगदाण्याचं दही" छापू नकोस. आपल्याकडे एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याच्या, नियमात दूध-दही-लोणी हे शब्द दुधाच्याच पदार्थांना, नारळाचं दूध, पीनट बटर अशी आधीपासून रूढ असलेली नावं तेवढी सुटलीत. व्हीगन पदार्थांचे वेगळे नियमही 2022 मध्ये आलेत, त्यांचा तो हिरवा लोगो लावायचा तर प्रोसेसमध्येसुद्धा प्राण्यापासूनचं काही चालत नाही, मधपण नाही. उगाच छापलेली दहा हजार पाकिटं रद्दीत घालशील.

आता तू पाठवलेल्या दह्याबद्दल, म्हणजे जे काही नाव ठेवशील त्याबद्दल. लागलंय छान पण कच्च्या शेंगदाण्याचा वास येतोय. दाणे रात्रभर भिजवून सालं काढतेस का? वाटून गाळलं की मंद आचेवर नीट उकळ, सारखं ढवळत, खाली लागतं ते लगेच. मग कोमट झाल्यावर मिरचीचे देठ टाक, सहा-सात पुरे. पहिलं विरजण विकायचंच नाही, ते फक्त दुसऱ्यासाठी, दुसऱ्याला आंबटपणा बरा येतो. आणि ते "गिल्टलेस" वगैरे लेबल काढ बाई, आपल्याकडे पिठलं-भाकरी-ठेचा खाणाऱ्याला व्हीगन शब्द माहीत नसतो पण ताटात तेच असतं, त्याला कशाला उपदेश.

शनिवारी ये. ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट आण, सही न केलेला, आणि दुसऱ्या विरजणाचा डबा. भाकऱ्या मी थापते.

– ताई