सांगलीजवळच्या मनोरंजन पार्कात राईड चालवण्याची नोकरी मिळते आहे. बटण दाबण्यापलीकडे या कामात काय असते?

मी नऊ वर्षे आकाशपाळणा चालवला. सुरुवातीची वर्षे म्हसवडच्या सिद्धनाथाची रथयात्रा, पुसेगाव, पालचा खंडोबा, जतची यल्लम्मा अशा जत्रांत गेली आणि नंतरची आपण म्हणता तशाच एका पार्कात. बटण अर्ध्या दिवसात हाताला बसते. खरे काम असते ते माणसे बसवण्याचे आणि वेळेला नाही म्हणण्याचे.

आकाशपाळण्याचे पाळणे ओळीने भरायचे नसतात. एक भरला की चाक अर्धे फिरवून त्याच्या बरोबर समोरचा भरायचा, मग आडव्या रेषेतले दोन, आणि उतरवतानाही हाच क्रम सांभाळायचा. कारण वजन एका अंगाला गेले, तर ती बाजू वर चढताना मोटारीवर ताण येतो आणि खाली येताना चाक आपल्याच वजनाने पळू लागते, तेव्हा ब्रेकवर नको इतका भार पडतो. रविवारच्या गर्दीत एखादे मोठे कुटुंब लागोपाठच्या पाळण्यांतच बसायचा हट्ट धरते. त्यांना कारण समजावून सांगावे. बहुतेक जण ऐकतात. पाळण्यात बसलेल्यांच्या पुढे अडसर म्हणून असलेला दांडा नुसता पाहून सोडू नये, प्रत्येक दांडा हाताने ओढून पाहावा आणि ओढणी, पदर, मोकळे केस आत घ्यायला लावावेत.

पाळणा ज्या खिळीवर झुलतो तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी, दोन पायांची स्प्लिट पिन असते आणि खिळी सरकू न देण्याचे काम तीच करते. तिचे दोन्ही पाय वाकवलेले असले पाहिजेत. एका जत्रेत सकाळी तपासताना मला पिनेच्या जागी वाकवलेला खिळा दिसला. आदल्या रात्री घाईत कोणीतरी तो घातला होता. बाजारातून नवी पिन येईपर्यंत मी तीन तास पाळणा सुरू केला नाही. मालक फार चिडले, पण त्या पाळण्यात दिवसभर लहान मुले बसणार होती, आणि आजही मी तेच करीन.

जत्रेत काळ्या मातीवर आकाशपाळण्याचे पाय खचतात, म्हणून खाली लाकडी ठोकळे घालून रोज पाण्याच्या नळीने लेव्हल पाहावी लागते. पार्कात पाया काँक्रीटचा असल्याने ती काळजी कमी. मात्र सकाळची रिकामी फेरी तिथेही चुकवू नये, आणि ती घेताना कान उघडे ठेवावेत, कारण बेअरिंग बिघडू लागले की बहुधा आधी आवाज बदलतो. दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी आणि रविवार घरच्यांसोबत मिळणार नाहीत, हे मात्र घरी आधीच सांगून ठेवा.

रुजू होण्यापूर्वी तपासणीची नोंदवही दाखवायला सांगा. राईडच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५४७५ हे मानक आहे आणि चालवणे व देखभाल यांचे नियमही त्यात आहेत. ते तिथे कोणाला माहीत आहे का, हेही विचारा. शेवटी एवढे विचारा की, शंका आली तर राईड थांबवण्याचा अधिकार चालवणाऱ्याला आहे का. ‘आधी मॅनेजरना विचारावे लागेल’ असे उत्तर आले, तर पगार कितीही चांगला असला तरी ती नोकरी घेऊ नका.