आत्याला युनिव्हर्सल क्रेडिटचं (ब्रिटनमधल्या जुन्या सरकारी भत्त्यांच्या जागी आलेली एकत्रित मदत) पत्र आलंय. ईएसए (आजारामुळे काम न जमणाऱ्यांचा जुना भत्ता) आपोआप बदलेल का?

(प्रश्न: आत्या लेस्टरला एकटी राहते. तिला ईएसए सपोर्ट ग्रुप, म्हणजे कामाची अपेक्षा नसलेल्यांच्या गटातले पैसे, तसंच पिप हा अपंगत्वाचा भत्ता आणि हाउसिंग बेनिफिट ही भाड्याची मदत मिळते.)

नाही, आपोआप काही होत नाही. अर्ज आत्यांनाच करावा लागेल. पत्राच्या तारखेपासून तीन महिन्यांची मुदत असते. ती उलटली की जुने पैसे थांबतात. पुढच्या एका महिन्यात अर्ज केला तरी संरक्षण टिकतं, पण त्या महिन्यावर भिस्त नको. तब्येतीमुळे जमत नसेल तर मुदत संपायच्या आधी पत्रावरच्या नंबरला फोन करून वाढवून मागा. ईएसए मात्र स्वतःहून बंद करायला सांगू नका.

संरक्षण म्हणजे ट्रान्झिशनल एलिमेंट: नवी रक्कम जुन्यापेक्षा कमी भरली तर फरक वर मिळतो. आत्या एकट्या राहतात आणि पिपचा डेली लिव्हिंग (रोजच्या कामांसाठीचा) भाग मिळत असेल, तर त्यांच्या ईएसएत सिव्हिअर डिसॅबिलिटी प्रीमियम, म्हणजे गंभीर अपंगत्वाची जादा रक्कम, असू शकतो. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये तसं काहीच नाही, म्हणून हा फरक बराच मोठा निघतो. पण तो कायमचा नसतो. समजा फरक १०० पौंड आहे आणि पुढे भाडं वाढल्यामुळे घरभाड्याचा भाग ४० पौंडांनी वाढला, तर फरक ६० वर येतो. हातात पडणारी रक्कम तेवढीच, भाडं मात्र जास्त.

अर्जात सर्वाधिक चूक होते ती आजाराच्या प्रश्नावर. ‘त्यांच्याकडे फाइल आहेच की’ म्हणून लोक ‘नाही’वर टिक करून मोकळे होतात. तिथे ‘हो’च म्हणा. सपोर्ट ग्रुपमधून येणाऱ्याला एलसीडब्ल्यूआरएचे, म्हणजे काम किंवा कामाची तयारीही न जमणाऱ्यांसाठीचे जादा पैसे पहिल्या दिवसापासून मिळतात, नवी तपासणी लागत नाही. तरी फिट नोट (डॉक्टरचा आजारपणाचा दाखला) मागितली, तर युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये (संदेशांच्या जागेत) ‘ईएसए सपोर्ट ग्रुपमधून आले आहे’ असं स्पष्ट लिहा.

१० तारखेला अर्ज केला, तर पहिले पैसे पुढच्या महिन्याच्या १६ तारखेच्या आसपास येतात. मधल्या काळात ईएसए आणि हाउसिंग बेनिफिट दोन आठवडे जास्त मिळतं, ते परत करायचं नसतं. पहिल्या पैशांआधी मागता येणारा अॅडव्हान्स मात्र कर्जच आहे. ते जास्तीत जास्त २४ महिन्यांत कापून घेतात. लागेल तेवढंच घ्या.

आता भाडं. हाउसिंग बेनिफिट थेट घरमालकाकडे जात असेल, तर यापुढे पैसे आत्यांच्या खात्यात येतील आणि भाडं त्यांनी भरायचं. आठवड्याचं भाडं १२० पौंड असेल तर हिशोब १२० गुणिले ५२ भागिले १२, म्हणजे महिन्याला ५२०. दर सोमवारी भाडं द्यायचं असेल, तर पाच सोमवारांच्या महिन्यात ६०० लागतात, तेव्हा चार सोमवारांच्या महिन्यातले ४० बाजूला ठेवायला सांगा. झेपत नसेल तर भाडं थेट घरमालकाला द्यावं, अशी विनंती करता येते.

पिपला कोणी हात लावत नाही. काउन्सिल टॅक्समधली (स्थानिक घरपट्टीतली) सूट मात्र काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, असते. युनिव्हर्सल क्रेडिटच्या अर्जात ती मागता येत नाही, त्यामुळे त्याच आठवड्यात काउन्सिलला वेगळं कळवा.