तुमचं विचारणं, आमचं सांगणं: ‘लोडाय’ गाण्यातलं गाव

प्रश्न: क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायवल या अमेरिकन बँडचं ‘लोडाय’ (Lodi) गाणं ऐकलं, स्पेलिंग बघून आधी दिल्लीचं लोदी गार्डनच आठवलं! ते गाव खरंच आहे का, आणि हे लोक तिथे अडकले होते का?

उत्तर: अहो लोदी गार्डनशी काही संबंध नाही, हे लोडाय कॅलिफोर्नियातलं, द्राक्षं आणि वाईनवालं छोटं गाव, म्हणजे आपलं नाशिक म्हणा हवं तर. गाणं आलं १९६९ मध्ये, ‘बॅड मून रायझिंग’च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला. त्यातला गायक नशीब काढायला निघतो आणि फाटक्या खिशाने त्या गावात अडकतो, परतीच्या तिकिटाला पैसे नाहीत, समोर दारू प्यायलेले लोक, त्यांच्यापुढे रोज गायचं. ऐकताना वाटतं बाबाने सगळं भोगलंय. पण गंमत म्हणजे हे गाणं लिहिणाऱ्या, बँडच्या गायकाने, जॉन फोगर्टीने, नंतर सांगितलं की तो तिथे कधी गेलाच नव्हता, नाव ऐकायला भारी वाटलं म्हणून घेतलं! तेव्हा बँड तर जोरात चालला होता, अडकायचं कुठलं. मला विचाराल तर गावाची जरा फुकटच बदनामी झाली.