चिठ्ठीचं उत्तर राहून गेलं होतं

"इतक्या वर्षांनी भेटायला जायचं, आणि तिथं ओळखच उरली नसेल तर?" हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. हरवलेले दोस्त आता मोबाइलवर सापडतात, 'ये' म्हणतात, आणि मग माणूस अडून बसतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका काकांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय ६१, आठ एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. काकूच त्यांना घेऊन आल्या. "रातभर कूस बदलत राह्यते हा माणूस. नेपाळले जातो म्हणते, अन् जात नाही."

दोस्त नेपाळमधल्या पाल्पा जिल्ह्याचा. त्याचे वडील इथल्या जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यावर, गुरखा होते. कापूस फक्त सरकारलाच विकायचा ही एकाधिकार खरेदी १९७२ ला सुरू झाली, त्यानंतरची ती वर्षं. जिनासमोर बैलबंड्यांची रांग लागलेली असायची आणि ही दोन पोरं सरकीच्या ढिगात लोळायची. सारा गाव त्या पोराला 'बहादूर' म्हणे. "त्याचं खरं नाव मीच तेवढा घेत होतो," काका म्हणाले. दहावीनंतर ते कुटुंब परत गेलं. गेल्या वर्षी दोस्ताच्या मुलाने फेसबुकवर काकांच्या पुतण्याला शोधून काढलं.

पहिल्या भेटीत मी चुकले. भीती प्रवासाची आहे असं धरून चालले. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट नसला तरी मतदार कार्ड चालतं, पण तुमच्या वयाला नुसतं आधार चालत नाही. नागपूरहून गोरखपूरला थेट गाडी, तिथून सोनौली, सीमा ओलांडली की भैरहवा, मग बुटवल आणि वर डोंगरात तानसेन. आपला एक रुपया म्हणजे तिकडचे एक रुपया साठ पैसे. सगळं कागदावर लिहून दिलं. काका मान डोलवत राहिले. पुढच्या भेटीत कळलं, जाणं पुन्हा लांबलंय. आधी पेरणी होती, मग डवरणी, आता बीपी.

एखादा माणूस दर वेळी नवं कारण आणतो तेव्हा मी कारणांशी वाद घालणं सोडून देते. "तिथं पोचलात, दार उघडलं, तो समोर उभा आहे. त्याने काय विचारू नये असं वाटतं?" एवढंच विचारलं. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग बियाण्याच्या पिशवीत गुंडाळलेली चिठ्ठी काढली. घड्यांवर फाटलेली, शाई तपकिरी झालेली. वर तारीख : असार २०४२.

"मले तवा वाटलं, याले सालही लिहिता येत नाही."

नेपाळात विक्रम संवत चालतं, आपल्या सालाच्या जवळपास ५७ वर्षं पुढे. म्हणजे १९८५ चा जून-जुलै. दोस्ताचे वडील वारले होते, पाचशे रुपये मागितले होते. चिठ्ठी ऐन पेरणीत आली. घरात पैसे होते, पण बियाण्याचे. "नाही म्हणून लिवलं असतं तरी चाललं असतं. मी उत्तरच देल्लं नाही, मॅडम. आता कोणत्या तोंडानं त्याच्या घरी जेवू?"

ओळख उरली नसेल ही भीती नव्हतीच. ओळख पक्की उरली असेल, ही होती. काकांचा बेत असा, की तिथं जाऊन पाय धरायचे आणि हजाराच्या हिशेबात पैसे पुढे करायचे. मी कळकळीने म्हटलं, तसं करू नका. दारात आलेल्या पाहुण्याला कोण म्हणेल की मला तुझा राग आहे? हजार-बाराशे किलोमीटर चालून आलेल्या माणसाला माफ करावंच लागतं, मनात असो वा नसो. त्याला 'येऊ नको' म्हणायची मोकळीक राहिली पाहिजे. म्हणून तिकिटाआधी फोन. बियाण्याची, बापाची, पावसाची सफाई द्यायची नाही. चिठ्ठी मिळाली होती, उत्तर दिलं नाही, माझं चुकलं. एवढंच. मग गप्प राहायचं, तो कितीही वेळ घेवो.

फोन त्यांनी वावरातून केला, काकूंनाही न सांगता. दोस्त चाळीस वर्षांत वऱ्हाडी बोलला नव्हता, तरी उचलल्याबरोबर म्हणाला, "काहून बे?" काकांनी तीन वाक्यं सांगितली. पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, "राग आला होता. लय वर्षं होता." आणि फोन ठेवला.

ते चार दिवस काकांना फार जड गेले. तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले, मी काही समजावलं नाही, फक्त जवळ बसले. पाचव्या दिवशी दोस्ताच्या मुलाचा मेसेज आला : बाबा विचारतात, येताना जवसाची चटणी आणाल का?

वेचणी आटोपल्यावर काका गेले. चटणी काकूंनी उखळात कुटून दिली. तिथून दोस्ताच्या मुलाच्या फोनवरून त्यांचा आवाज आला. "मॅडम, इथं दुकानाच्या पाट्या साऱ्या वाचता येतात. आपलीच अक्षरं."

"चिठ्ठीचा विषय निघाला का?"

"काल रातच्याले. बाप मेल्यापासून पुढचं सारं सांगितलं त्यानं, पहाटंलोक. मी मधात बोललो नाही."