यंत्राच्या ताकदीपेक्षा कंपनीचा हिशेब वाचा

सप्रेम नमस्कार.

आपण वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहात, प्रोग्रॅमिंगची आवड नाही, तरीही व्हिडिओ गेम उद्योगात व्यवसाय-धोरणाचे काम करण्याची इच्छा आहे, असे आपण लिहिले आहे. गेम खेळण्याची यंत्रे, म्हणजे कन्सोल, बनवणाऱ्या सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो यांची तुलना करणाऱ्या प्रकल्पाचा आराखडा सोबत पाठवून त्याचा नोकरीसाठी काही उपयोग होईल का, अशी विचारणाही केली आहे. उपयोग नक्की होईल, पण आराखडा आहे तसा ठेवल्यास नाही. त्यात प्रोसेसर आणि मेमरीचे तक्ते भरपूर आहेत; मात्र कोणती कंपनी कशावर तोटा सोसते आणि तो कोठून भरून काढते, याविषयी एक ओळही नाही.

2006 चे उदाहरण घ्या. सोनीने प्लेस्टेशन 3 हा कन्सोल अमेरिकेत 499 आणि 599 डॉलरना आणला. ही किंमत ग्राहकांना जड वाटली, तरी सोनीचा उत्पादनखर्च त्यातूनही निघत नव्हता, कारण त्यातील ‘सेल’ नावाचा प्रोसेसर आणि ब्लू-रे (चित्रपट व गेमसाठीची जास्त क्षमतेची डिस्क) वाचणारा ड्राइव्ह दोन्ही महाग होते. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे मिळणाऱ्या वाट्यातून हा तोटा भरून काढायचा, ही या उद्योगातील जुनी रीत आहे. परंतु येथे सोनीला ब्लू-रे हे डिस्कचे स्वरूपही बाजारात रुजवायचे होते, त्यामुळे त्या तोट्याचा हिशेब केवळ गेम विभागापुरता मांडणे अपुरे ठरते. त्याच काळात निन्टेंडोने तुलनेने साध्या क्षमतेचा वी (Wii) हा कन्सोल सुमारे 250 डॉलरना आणला, यंत्रावरही नफा मिळवला आणि 10 कोटींहून अधिक यंत्रे विकली.

मात्र यावरून ‘स्वस्त यंत्र जिंकते’ असा निष्कर्ष काढू नका. निन्टेंडोचाच 2012 चा वी यू (Wii U) हा कन्सोल जेमतेम 1.36 कोटींवर थांबला. ते नवे यंत्र आहे की जुन्या वीला जोडायचे उपकरण, हेच अनेक ग्राहकांना उमगले नाही. 2017 च्या स्विच या यंत्रात निन्टेंडोने घरातला कन्सोल आणि हातातला कन्सोल एकत्र केले, आणि पूर्वी दोन यंत्रांसाठी विभागले जाणारे तिचे गेम तयार करणारे संघ एकाच यंत्राकडे वळू शकले. माझ्या मते तिच्या यशाचे हे कारण सर्वांत कमी चर्चिले जाते. आपल्या प्रकल्पाचा गाभा येथेच असावा.

मायक्रोसॉफ्टला विकलेल्या यंत्रांच्या संख्येने मोजणे कठीण आहे, कारण 2015 पासून कंपनी आपल्या एक्सबॉक्स या कन्सोलच्या विक्रीची संख्या जाहीर करत नाही. 2017 मध्ये गेम पास ही वर्गणी योजना, 2023 मध्ये सुमारे 6,900 कोटी डॉलरना अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड या गेम कंपनीची खरेदी आणि 2024 पासून स्वतःचे काही गेम प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवरही आणणे, या पावलांवरून तिचा भर यंत्राकडून वर्गणी आणि गेमच्या विक्रीकडे सरकल्याचे दिसते. यंत्रांच्या विक्रीत मागे पडलेल्या कंपनीला हा युक्तिवाद सोयीचाही आहे, हे विसरू नये. आकडेच नसताना उत्पन्नाच्या नोंदींवरून असे तर्क बांधणे, हेच आपल्याला करायच्या कामाचे स्वरूप आहे.

हे काम परवाना करार, किंमतनिश्चिती, गेम प्रकाशकांशी वाटाघाटी, वर्गणी योजनेसाठी गेमची निवड आणि बाजार संशोधन या विभागांत मिळते. त्यासाठी परिव्यय लेखांकन आणि संख्याशास्त्र पक्के करा, तसेच ग्राहक आणि गेमनिर्माते या दोघांनाही एकाच वेळी आकर्षित करावे लागणाऱ्या बाजारपेठांचे अर्थशास्त्र वाचा. केवळ याच उद्योगावर मात्र विसंबू नका: 2024 च्या पहिल्या दोन महिन्यांत मायक्रोसॉफ्टने गेम विभागातील सुमारे 1,900 आणि सोनीने सुमारे 900 जणांची कपात जाहीर केली. दूरसंचार, चित्रपटांच्या वर्गणी सेवा आणि डिजिटल पेमेंट या क्षेत्रांतही अशाच विश्लेषणाची गरज असते, म्हणून तेथेही अर्ज करावेत.

तूर्तास तक्ते परिशिष्टात टाका, सोनी आणि निन्टेंडो यांचे 2006 पासूनचे वार्षिक अहवाल मिळवा आणि वी ते स्विच हा प्रवास पाच-सहा पानांत लिहून काढा. अर्जासोबत संपूर्ण प्रकल्पाऐवजी तेवढीच पाने जोडावीत.