लंडनच्या लॉ फर्मच्या अर्जात 'एखादा प्रसंग सांगा' या प्रश्नाला काय लिहावं? माझ्याकडे फक्त गोदामातला अनुभव आहे

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून एलएलएमला लंडनला आलात, ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टचे (सॉलिसिटर होण्यासाठी फर्ममध्ये घ्यायच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाचे) अर्ज भरताय, आणि 'दबावाखाली निर्णय घेतल्याचा प्रसंग २५० शब्दांत सांगा' या प्रश्नावर अडलाय, कारण तुमच्याकडे 'फक्त शनिवार-रविवारचं गोदामातलं काम' आहे. त्या 'फक्त'साठी मी हे लिहायला बसले. हाच शब्द मी दीड वर्ष वापरला आणि त्यापायी अर्जांचा एक अख्खा हंगाम घालवला.

मी २०२१ च्या सप्टेंबरात आले. त्याच महिन्यात इथे एसक्यूई, म्हणजे सॉलिसिटर होण्यासाठीची नवी परीक्षापद्धत, सुरू झाली होती, त्यामुळे वर्गात जो तो जुनी वाट बरी की नवी यावर बोलत असायचा. मला घरभाड्याचं पडलं होतं. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. मी हाउन्स्लोमधल्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरला लागले. दोन संध्याकाळी आणि अख्खा शनिवार.

माझा मावसभाऊ रेडिंगला राहतो. बँकेत चांगल्या हुद्द्यावर आहे, आणि आमच्या घरात शिक्षण-नोकरीच्या बाबतीत दादा म्हणेल तेच. पहिल्या वर्षीचे अर्ज त्यानं शेजारी बसून माझ्याकडून लिहून घेतले. मी दुकानाचं नाव काढलं तर म्हणाला, "इतके पैसे घालून इथवर आलीस आणि कपड्यांना टॅग लावल्याचं लिहिणार? त्यांना वकील हवाय." मावशीनंही मान डोलावली. मग प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर ठरलं, पुण्याच्या कॉलेजातली मूट कोर्ट, म्हणजे खोटा खटला लढवायची स्पर्धा. टीम तिघांची होती, दोघं बोलणारे आणि मी रिसर्चर. उपांत्य फेरीपर्यंत गेलो होतो. दादानं ते इंग्रजीत असं काही बसवलं की मीच टीम चालवली, मीच मतभेद मिटवले. एकही वाक्य सरळ खोटं नव्हतं, पण वाचल्यावर जी मुलगी डोळ्यांसमोर यायची ती मी नव्हते.

१७ अर्ज, १६ नकार, एक इंटरव्ह्यू. इंटरव्ह्यू घेणाऱ्या पार्टनर, म्हणजे फर्मच्या एक भागीदार, पन्नाशीच्या बाई होत्या. समोर माझा अर्ज छापून ठेवलेला, आणि एका ओळीखाली पेन्सिलची रेघ. त्यांनी शांतपणे विचारलं, "इथे 'आम्ही ठरवलं' असं लिहिलंय. आम्ही म्हणजे कोण?" मी काहीतरी बोलले. त्यांनी पुढे विचारलं, "त्या दोघांचं जमत नव्हतं तेव्हा तुम्ही नेमकं काय म्हणालात?" मी काहीच म्हणाले नव्हते. मी लायब्ररीत निवाडे शोधत होते. भांडण त्यांचं त्यांनीच मिटवलं होतं. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि तो रिकामा आहे हे तोंडाला लावल्यावर कळलं. पुढची वीस मिनिटं त्या बाई माझ्याशी फार चांगलं वागल्या, आणि तेच जास्त लागलं.

आता दुकानातली गोष्ट, जी मी तेव्हा लिहिली नव्हती.

फेब्रुवारीतला शनिवार. साडेपाचला एका गिऱ्हाइकाचा फोन आला. सकाळी काळा सूट नेला, आता घालून पाहिला तर पँट दोन इंच आखूड. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची लीड्सची गाडी होती आणि सोमवारी वडिलांचा अंत्यविधी. मी रजिस्टर काढलं. मंगळवारी संध्याकाळी दोन काळे सूट पाच मिनिटांच्या अंतरानं आले होते, एकाच कंपनीचे. दोन्ही काउंटरवर पडलेले असताना मी टॅग स्टेपल केले होते, याचा त्याला आणि त्याचा याला. अक्षर माझंच. दुसरा सूट दुपारी बारालाच गेला होता, ब्रेंटफर्डच्या एका माणसाकडे. त्याला फोन लावला, नुसती रिंग वाजत राहिली. मालक लेस्टरला लग्नात, तेही फोन उचलेनात.

तेव्हा माझ्यापुढे तीन प्रश्न होते, आणि तुम्ही हे नीट वाचा, कारण पुढे माझं सगळं उत्तर यावरच उभं राहिलं. पहिला, या माणसाला खरं सांगायचं का? कपडे धुवायला बाहेरच्या कारखान्यात जायचे, तिथे अदलाबदल झाली म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं! दुसरा, ते म्हणत होते, "त्याचा नंबर द्या, मीच बोलतो." द्यायचा का? तिसरा, मालकांना न विचारता दुकान वीस मिनिटं आधी बंद करून निघायचं का?

मी त्यांना सांगितलं, "टॅग मी लावला, चुकीचा लावला. त्यांचा नंबर मला देता येणार नाही, पण मी स्वतः जाते आणि नऊच्या आत काय झालं ते तुम्हाला फोन करून सांगते." मालकांना मेसेज टाकला, शटर ओढलं, लंडन रोडवरची बस धरली. आधी आयझलवर्थला उतरून फोन करणाऱ्या गृहस्थांकडचा सूट घेतला, मग ब्रेंटफर्ड. दार म्हाताऱ्या आईनं उघडलं, मुलगा बाहेर गेलेला. त्याच्या परवानगीशिवाय त्यांनी काही द्यावं असं मला वाटेना, म्हणून जिन्यात बसून राहिले. आठच्या सुमाराला तो आला. सूट प्लॅस्टिकच्या कव्हरातून काढलेलाही नव्हता. पावणेनऊला परत आयझलवर्थ. त्या गृहस्थांनी दारातच पँट कमरेला लावून लांबी पाहिली, दोनदा पाहिली, मग खांबाला टेकले आणि थँक्यू म्हणाले.

सोमवारी मालक रागावले, दुकान आधी बंद केलं म्हणून. मग त्यांनीच माझं एक सुचवणं लावून धरलं. कपडा घेताना एका वेळी काउंटरवर एकाच गिऱ्हाइकाचे कपडे, आणि देताना पावतीवरचा नि टॅगवरचा नंबर गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं वाचायचा. मी होते तोवर पुन्हा अदलाबदल झाली नाही.

पुढच्या वर्षी ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षण संपल्यावर इथे काम करता येतं तो) एका छोट्या फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस, होते. त्या हिवाळ्यात फक्त सहा अर्ज केले, सहाही स्वतः लिहिले आणि दादाला दाखवले नाहीत. 'दबावाखाली निर्णय' या प्रश्नाला हीच गोष्ट लिहिली. दोन इंटरव्ह्यू आले. त्यातल्या एका ठिकाणी विचारलं, "नंबर का नाही दिलात? देऊन टाकला असता तर काम लवकर झालं असतं." उत्तर द्यायला मला थांबावं लागलं नाही. दुसऱ्या माणसानं तो नंबर दुकानाला कपड्यांसाठी दिला होता, कुणा अनोळखी माणसानं रात्री फोन करावा म्हणून नव्हे. समोरच्यानं मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. आज त्याच फर्ममध्ये मी ट्रेनी आहे, तिसऱ्या सीटवर, म्हणजे प्रशिक्षणाच्या तिसऱ्या टप्प्यात.

दादा अजूनही म्हणतो की दुसऱ्या वर्षी माझ्याकडे पॅरालीगलचा अनुभव होता म्हणून झालं. दिवाळीच्या फराळाला दरवर्षी हा विषय निघतो. अनुभवाचा उपयोग झालाच असेल. पण इंटरव्ह्यूतली पंधरा मिनिटं त्या सूटवर गेली, पॅरालीगलच्या कामावर तीन. मूट कोर्टवर कुणी एक प्रश्न विचारला नाही.

एसक्यूईचा अभ्यास करताना सॉलिसिटरांच्या आचारसंहितेतलं ७.११ कलम वाचलं. काही बिघडलं तर ग्राहकाशी प्रामाणिक आणि मोकळं राहायचं, त्याचं नुकसान झालं असेल तर शक्य तितकं भरून काढायचं, आणि काय झालं ते पूर्ण आणि वेळेवर सांगायचं. मी ती ओळ वाचून वही मिटली आणि थोडा वेळ तशीच बसले. दादा ज्याला टॅग लावणं म्हणत होता, ते हे होतं. 'त्यांना वकील हवाय' हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. वकिलाचं काम कसं दिसतं हे त्याला माहीत नव्हतं, एवढंच.

ट्रेनीचा दिवस असाच जातो. कोर्टाच्या बंडलमधले (कोर्टात द्यायच्या कागदांच्या गठ्ठ्यातले) पानांचे आकडे पीडीएफच्या आकड्यांशी जुळतात का बघा, करारात एका ठिकाणी बदललेली व्याख्या बाकी ठिकाणी बदलली का बघा, आणि रात्री आठला आपली चूक सापडली तर सुपरवायझरच्या दाराशी जाऊन सांगा. फर्म तुम्हाला दोन वर्षं शिकवणार, बहुधा सहा-सहा महिन्यांच्या चार सीटवर. कायदा शिकवता येतो. चूक सांगायला कुणी शिकवू शकत नाही, ते तुम्ही आधी कुठेतरी केलेलं असावं लागतं. तो प्रश्न अर्जात असतो तो त्यासाठी.

आता लिहिण्याचं. स्टार पद्धत (आधी प्रसंग, मग तुमची जबाबदारी, तुम्ही काय केलंत आणि परिणाम) तुम्हाला ठाऊक असेलच, ती सांगत बसत नाही. पण आपली मुलं पहिल्या भागातच १२० शब्द घालवतात. संस्था कोणती, स्पर्धा किती मोठी, किती कॉलेजं होती. प्रसंगाला ४० शब्द पुष्कळ झाले. दीडशे शब्द तुम्ही काय ठरवलंत आणि का, यावर जायला हवेत. 'का' सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच सगळे गाळतात. उरलेल्यात परिणाम आणि नंतर तुम्ही काय बदललंत.

आणि 'मी' म्हणा. आपल्याला ते जड जातं, कारण घरात 'मी मी करू नकोस' हेच ऐकलेलं असतं. त्यात मराठीची सवय अशी की आपण कर्ता सहज सोडून देतो. काच फुटली, उशीर झाला, टॅगची अदलाबदल झाली. माझ्या पहिल्या मसुद्यात चक्क असंच होतं, 'टॅगची अदलाबदल झाली होती'. कुणी केली? ते वाक्य 'मी चुकीचे टॅग लावले' असं करायला मला दोन दिवस लागले, आणि ते केल्यावर खालचं सगळं उत्तर आपोआप सरळ झालं. तुमचा मसुदा घ्या आणि प्रत्येक 'झालं'पाशी कोणी केलं ते लिहा. जिथे 'आम्ही' असेल तिथे त्या पार्टनर बाईंचा प्रश्न स्वतःला विचारा.

दुसऱ्याकडून उत्तर लिहून घेऊ नका. भाऊ असो, सीनियर असो, नाहीतर एआय असो. स्पेलिंग तपासून घ्या, एखादं वाक्य अडलं तर विचारा, पण प्रसंगाला हात लावू देऊ नका. तुम्ही जिन्यात बसला होतात हे त्यांना माहीत नसतं, त्यामुळे ते नेमकं तेच कापतात.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. मी मध्यम आकाराच्या फर्ममधली आहे. सगळ्यात मोठ्या फर्ममध्ये बऱ्याच ठिकाणी आधी वॉटसन ग्लेझरसारखी तर्कशक्तीची चाचणी असते, तीत अडकलात तर उत्तर कितीही चांगलं असो, उपयोग नाही, तेव्हा तिचा सराव वेगळा करा. 'आमचीच फर्म का' हा प्रश्न निराळा आहे, तिथे गोदाम चालणार नाही, तिथे फर्मचं काम वाचलेलं असावं लागतं. मोठ्या फर्म साधारण दोन वर्षं आधी भरती करतात, म्हणून तुमचा व्हिसा तोवर पुरतो का आणि पुढे फर्म स्पॉन्सर करते का, हे अर्जाआधी बघा. ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट नाहीच मिळालं तरी आता पात्रतेसाठीचा दोन वर्षांचा अनुभव जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून पुरा करता येतो, पॅरालीगलचं कामही त्यात धरता येतं. आणि दादाचं एक बरोबर होतं, मूट कोर्ट अर्जातून काढू नका. शैक्षणिक माहितीच्या रकान्यात एका ओळीत ठेवा, 'रिसर्चर' असं खरं खरं लिहून.

तुमच्या गोदामाबद्दल मला काही माहीत नाही. पण चुकीचा माल चुकीच्या गाडीत चढला, असं एकदा तरी झालं असेल. तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं, गाडी निघाली होती का, ड्रायव्हरला काय सांगितलंत, सुपरवायझरला कधी सांगितलंत? आधी मराठीतच लिहून काढा, शब्द मोजू नका. मला पाठवलंत तर मी वाचेन, आणि 'आम्ही' कुठे कुठे आलंय तेवढ्यावर खुणा करून परत पाठवीन.